‘हॅपी हार्मोन’ पॅकेज घ्यावं का?

डोपामिन, सेरोटोनिन, ऑक्सिटोसिन, एंडॉर्फिन. या चार नावांवर हल्ली रक्ततपासणीची पॅकेजं विकली जातात. कुणी त्याला ‘मूड प्रोफाइल’ म्हणतं, कुणी ‘स्ट्रेस पॅनेल’, आणि परीक्षा जवळ आल्या की तीच यादी ‘स्टुडंट फोकस’ या नावाने समोर येते. पद्धत सगळीकडे साधारण सारखी. सकाळी घरी टेक्निशियन येतो, दंडाला पट्टा बांधून तीन-चार नळ्या रक्त घेतो आणि एक-दोन दिवसांत फोनवर हिरव्या-लाल पट्ट्यांचा रिपोर्ट येतो. हे परीक्षण कुठल्या एका लॅबचं नाही, या प्रकारच्या सेवेचं आहे. म्हणून यादीतली प्रत्येक महत्त्वाची चाचणी काय मोजते आणि ती मूडबद्दल किंवा अभ्यासाबद्दल काय सांगू शकते, ते पाहू.

निष्कर्ष आधीच सांगतो. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असलेल्या चाचण्या मनःस्थितीबद्दल जवळपास काहीही सांगत नाहीत. यादीच्या तळाशी बारीक अक्षरात असलेल्या टीएसएच (थायरॉइडची चाचणी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२ आणि हिमोग्राम (रक्तपेशींची मोजणी) या साध्या चाचण्या मात्र खरंच एखाद्याचं आयुष्य सुधारू शकतात. त्या कुठल्याही चांगल्या लॅबमध्ये सुट्याही होतात.

सेरोटोनिन: मोजलं जातं ते आतड्याचं

शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्याच्या अस्तरातल्या पेशी बनवतात. त्यातलं जे रक्तात येतं ते जवळजवळ सगळं प्लेटलेट्स उचलतात आणि साठवून ठेवतात, कारण जखम झाली की रक्तस्राव थांबवण्याच्या कामात त्यांना ते लागतं. मेंदू आपल्यापुरतं सेरोटोनिन स्वतः तयार करतो, मेंदूच्या देठातल्या राफे केंद्रकांमध्ये, ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पेशींची घट्ट भिंत आहे. ट्रिप्टोफॅनला तिच्यातून नेणारे वाहक आहेत, सेरोटोनिनला मात्र ती ओलांडता येत नाही. त्यामुळे दंडातून काढलेल्या रक्तातला आकडा प्लेटलेट्समध्ये किती साठा आहे हे सांगतो, मन कसं आहे हे नाही.

इथे एक धोका आहे आणि तो पॅकेजच्या माहितीपत्रकात क्वचितच असतो. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम ही नैराश्यावरची नेहमीची औषधं. पेशी सेरोटोनिन परत आत घेतात तो दरवाजा ती बंद करतात. प्लेटलेट्सनाही तोच दरवाजा असतो आणि त्यांना स्वतःचं सेरोटोनिन बनवता येत नाही. म्हणून ही औषधं काही आठवडे नियमित घेतली की प्लेटलेट्समधला साठा खूप खाली येतो. याचा अर्थ असा की औषधाने बऱ्या होत असलेल्या माणसाचा रिपोर्ट लाल पट्टीत येणार. तो पाहून कुणी औषध लागू पडत नाही असं समजून गोळी बंद करतो, तर कुणी रिपोर्टच्या शेवटच्या पानावर सुचवलेली ५-एचटीपीची (शरीरात ज्याचं सेरोटोनिन बनतं त्या पदार्थाची) कॅप्सूल सोबत सुरू करतो. दुसरी चूक पहिलीपेक्षा गंभीर आहे. या औषधांबरोबर ५-एचटीपी घेतल्यास शरीरात सेरोटोनिनचा अतिरेक होऊ शकतो: अस्वस्थपणा, घाम, हातापायांना थरथर, जुलाब, धडधड, ताप. ट्रामाडोल ही वेदनाशामक गोळी किंवा खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन सोबत असेल तर धोका आणखी वाढतो. अशी लक्षणं दिसली तर थेट रुग्णालय गाठावं.

सेरोटोनिनच्या तपासणीची खरी जागा वेगळी आहे. आतड्याच्या किंवा फुप्फुसाच्या कार्सिनॉइड (सेरोटोनिन सोडणाऱ्या) गाठींचा संशय असेल तेव्हा डॉक्टर ती सांगतात. तेव्हाही बहुधा २४ तासांच्या लघवीतलं ५-एचआयएए, म्हणजे सेरोटोनिनचं विघटन होऊन उरणारं रसायन, मोजतात, आणि त्याआधी दोन-तीन दिवस केळी, अननस, अक्रोड, टोमॅटो, वांगी बंद ठेवायला सांगतात, कारण त्यांनी आकडा फुगतो.

‘सेरोटोनिन कमी म्हणून उदासी’ हे समीकरणही इतकं सरळ नाही. २०२२ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. नैराश्य असलेल्यांमध्ये सेरोटोनिन कमी असतं याचा सुसंगत पुरावा त्यात मिळाला नाही. मात्र ही औषधं निरुपयोगी आहेत असा अर्थ त्यातून निघत नाही. त्यांचा उपयोग ठरतो तो औषध घेणारा आणि खोटी गोळी घेणारा यांच्या प्रकृतीची तुलना करून. चालू असलेलं औषध रक्ताच्या आकड्यावरून थांबवू नये, एकदम तर मुळीच थांबवू नये. चक्कर, मळमळ, झोप उडणं, विजेच्या झटक्यासारख्या संवेदना असे त्रास होतात. मात्रा डॉक्टरांच्या सांगण्यानुसार पायरीपायरीने कमी करायची असते.

‘फोकस’ची चाचणी

विद्यार्थ्यांच्या पॅकेजात डोपामिन पुढे केलं जातं, आणि शिकण्याशी डोपामिनचा संबंध खरोखर घट्ट आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्स यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांमध्ये तो स्वच्छ दिसला. अनपेक्षितपणे फळाचा रस मिळाला की मेंदूतल्या डोपामिन पेशी जोरात चेततात. आधी दिवा लागतो आणि मग रस मिळतो हे माकडाला कळलं की त्याच पेशी दिवा लागताना चेततात, रस मिळताना नाही. दिवा लागूनही रस मिळाला नाही तर त्यांचं काम नेहमीच्या पातळीच्याही खाली जातं. म्हणजे अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांच्यातला फरक हा डोपामिनचा संदेश आहे आणि तोच मेंदूला शिकवतो. लहान लहान प्रश्न सोडवून लगेच उत्तर ताडून पाहणारा विद्यार्थी हाच फरक पुन्हा पुन्हा निर्माण करत असतो. तासभर नुसतं वाचत राहण्यापेक्षा ते जास्त पक्कं बसतं.

पण ही घटना सेकंदाच्या काही अंशात घडते, तीही मेंदूच्या अगदी छोट्या भागात. रक्तातलं डोपामिन येतं शरीरभर पसरलेल्या सिंपथेटिक मज्जातंतूंमधून आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथींमधून. लघवीतलं तर बहुतांशी मूत्रपिंडच तयार करतं. पार्किन्सन्समध्ये मेंदूतलं डोपामिन स्पष्टपणे घटतं, तरी त्याचं निदान रक्तातलं डोपामिन मोजून होत नाही. औषध म्हणूनही डोपामिन देऊन भागत नाही, भिंत ओलांडू शकणारं लेव्होडोपा द्यावं लागतं. मुलाचं लक्ष लागत नाही, एडीएचडी (लक्ष टिकवण्याची अडचण आणि अतिचंचलपणा) आहे का, याचं उत्तर पालक, शिक्षक आणि मूल यांच्याशी सविस्तर बोलून मिळतं. तिथे या चाचणीला जागा नाही.

ऑक्सिटोसिन रक्तात काही मिनिटांत निम्मं होतं आणि ते मोजण्याच्या वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. एंडॉर्फिनचीही गत वेगळी नाही. या दोन्हींवर पैसे घालवू नयेत.

कॉर्टिसॉल: आकड्यापेक्षा घड्याळ महत्त्वाचं

‘स्ट्रेस पॅनेल’मधली कॉर्टिसॉल, म्हणजे अधिवृक्क ग्रंथींच्या तणाव-हार्मोनची चाचणी, ही थोतांड नाही. ती चुकीच्या प्रश्नासाठी वापरली जाते, इतकंच. दिवसभरात कॉर्टिसॉल मोठ्या फरकाने बदलतं. पहाटे चढायला लागतं, जाग आल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात सर्वांत वर जातं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला येतं. सकाळी आठच्या रक्तात ५ ते २५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर ही साधारण मर्यादा धरतात. टेक्निशियन वाहतुकीत अडकून साडेअकराला पोचला तर आकडा खालीच येणार, आणि रिपोर्टवरची मर्यादा मात्र सकाळी आठचीच छापलेली राहणार. रात्रपाळी करणाऱ्यांचं घड्याळ अजूनच निराळं. सुईची भीती, आदल्या रात्रीचं जागरण, ताप, यांपैकी कशानेही कॉर्टिसॉल वाढतं.

औषधांचाही परिणाम मोठा आहे. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी कॉर्टिसॉलला वाहून नेणारं प्रथिन वाढतं, त्यामुळे एकूण आकडा फुगलेला दिसतो, प्रत्यक्षात काहीही बिघडलेलं नसताना. उलट, स्टेरॉइड बाहेरून शरीरात जात असेल तर स्वतःचं कॉर्टिसॉल दबतं. यात फक्त गोळ्या येतात असं नाही. दम्याचे जास्त मात्रेचे पंप, सांध्यात घेतलेलं इंजेक्शन, आणि आपल्याकडे सर्रास चिठ्ठीशिवाय घेतली जाणारी खाजेची किंवा गोरेपणाची ट्यूब, ज्यात क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन असतं, तेही येतं. अशा ट्यूबा महिनोन्महिने अंगभर लावणाऱ्याचा आकडा कमी आला तर ती ‘तणावाने थकलेल्या ग्रंथी’ची खूण नसते. ते स्टेरॉइड अचानक बंद करणंही धोक्याचं असतं, म्हणून एन्डोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञाकडे जावं. ‘ॲड्रिनल फटीग’ हे जे निदान काही रिपोर्टांच्या खाली लिहून येतं त्याला एन्डोक्रायनॉलॉजीत मान्यता नाही.

खरा प्रश्न कुशिंग (कॉर्टिसॉल फार जास्त) किंवा ॲडिसन (फार कमी) या आजारांचा असेल तर तपासणीचा मार्ग ठरलेला आहे. कुशिंगसाठी रात्री उशिराची लाळ, २४ तासांची लघवी, किंवा रात्री अकराला १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन देऊन सकाळी आठला रक्त. चेहरा गोल होणं, पोटावर रुंद जांभळट वण, सहज काळंनिळं पडणं, मांड्यांची ताकद जाणं ही लक्षणं असतील तर या वाटेने जावं. ‘ऑफिसात फार ताण आहे’ याचं मोजमाप एका नळीतून होत नाही.

कॉर्टिसॉलचा अभ्यासाशी असलेला संबंध मात्र पालकांनी समजून घ्यावा असा आहे. शिकताना थोडं कॉर्टिसॉल वाढलेलं असेल तर आठवण घट्ट बसते. आठवायच्या वेळी ते खूप वाढलेलं असेल तर साठवलेलं बाहेर येत नाही. पाठ असलेलं उत्तर पेपर हातात आल्यावर आठवत नाही आणि घरी आल्यावर धडाधडा आठवतं, त्याचं हे एक कारण. उपाय कॅप्सूलमध्ये नाही. घड्याळ लावून, अनोळखी खोलीत बसून सराव परीक्षा द्यावी, म्हणजे खऱ्या परीक्षेचा प्रसंग शरीराला नवा राहत नाही.

ज्यांच्यासाठी रक्त द्यावं

पहिली टीएसएच. थायरॉइडला काम करायला सांगणारं हे हार्मोन, थायरॉइड मंदावलं की ते वाढतं. थायरॉइड मंदावलं की उत्साह जातो, विचार संथ होतात, आठवण कमी पडते, झोप जास्त येते, वजन वाढतं, बद्धकोष्ठ होतं. नैराश्याशी हे चित्र इतकं मिळतंजुळतं की नैराश्याचं निदान करण्याआधी चांगला डॉक्टर टीएसएच पाहतोच. साधारण ०.४ ते ४ ही मर्यादा. १०च्या वर गेलं तर बहुधा उपचार लागतो. ४.५ ते १० यांच्या मधल्या पट्ट्यात घाई करू नये. विशेषतः पासष्टीच्या पुढच्यांत, कारण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७३७ ज्येष्ठांच्या चाचणीत अशा सौम्य वाढीवर थायरॉक्सिन देऊन थकवा किंवा थायरॉइडच्या तक्रारी कमी झाल्या नाहीत. आधी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, सोबत फ्री टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) आणि गरजेनुसार अँटीबॉडी.

टीएसएचचा रिपोर्ट बिघडवणारी एक वस्तू आज घराघरांत आहे: केसांसाठीचं बायोटिन. बऱ्याच यंत्रांमध्ये बायोटिनवर आधारलेली रसायनं असतात. ५ किंवा १० मिलिग्रॅमची गोळी घेतलेल्याच्या रक्तात त्यांचं गणित चुकतं. टीएसएच खोटं कमी, टी-३ आणि टी-४ खोटं जास्त येतं. म्हणजे थायरॉइड मंद असलेल्या बाईचा रिपोर्ट जोरात चालणाऱ्या थायरॉइडचा दिसू शकतो. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस केसांच्या-नखांच्या सगळ्या गोळ्या आणि गमीज बंद ठेवाव्यात. मात्रा फार मोठी असेल तर आणखी आधी थांबावं लागतं, ते लॅबला विचारावं. बुकिंगच्या वेळी हा प्रश्न न विचारणारी लॅब आमच्या लेखी एक पायरी खाली. थायरॉक्सिन चालू असलेल्यांनी रक्त देऊन मग त्या दिवशीची गोळी घ्यावी. अश्वगंधा चालू असेल तर तेही सांगावं, कारण तिने थायरॉइडचे आकडे हलतात.

दुसरी बी-१२, आणि महाराष्ट्रासाठी हिला सर्वांत जास्त गुण. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश पुरुषांत बी-१२ कमी होतं, आणि शहरी मध्यमवर्गात प्रमाण त्याहून जास्त. कारण उघड आहे. बी-१२ वनस्पतींमध्ये नसतं. शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातूनच मिळतं, आणि चहातल्या दोन चमचे दुधाने गरज भागत नाही. मज्जातंतूंवरचं वेष्टण टिकवायला आणि मेंदूतल्या अनेक रसायनांच्या घडणीत ते लागतं. कमी पडलं की चिडचिड, विसराळूपणा, उदासी, तळपायांना मुंग्या, तोल जाणं. २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली कमतरता, २०० ते ३०० संशयाचा पट्टा. त्या पट्ट्यात होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक आम्ल (बी-१२ कमी पडलं की रक्तात साचणारी दोन रसायनं) पाहिलं तर चित्र स्पष्ट होतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीसाठी वर्षानुवर्षं पँटोप्राझोल घेणाऱ्यांनी ही तपासणी टाळू नये. पण नुकतीच इंजेक्शनं घेतली असतील तर आकडा वर येणारच, तेव्हा तपासून हाती काही लागत नाही. आणखी एक, बी-१२ न पाहता नुसतं फॉलिक ॲसिड सुरू केलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते.

तिसरी फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची चाचणी. मेंदूत डोपामिन आणि सेरोटोनिन बनवणाऱ्या दोन प्रमुख विकरांना (एन्झाइमना) लोह लागतं. त्यामुळे डोपामिनचा रक्तातला आकडा विकत घेण्यापेक्षा फेरिटिन तपासणं कितीतरी शहाणपणाचं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे. पण हिमोग्लोबिन घसरण्याच्या कितीतरी आधी लोहाचा साठा संपलेला असतो, आणि थकवा, लक्ष न लागणं, रात्री पाय वळवळणं तिथूनच सुरू होतं. हिमोग्लोबिन १२.५ आणि फेरिटिन ९ असलेली मुलगी ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून परत पाठवली जाते. पॅकेजात बरेचदा फेरिटिनऐवजी ‘सीरम आयर्न’ असतं. ते दिवसभरात आणि जेवणानुसार खालीवर होतं, एकट्याने त्याचा उपयोग नाही. फेरिटिन १५च्या खाली म्हणजे साठा संपलेला, ३०च्या खालीही अनेक डॉक्टर कमतरताच धरतात. अंगात ताप किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटं वाढतं, म्हणून आजारपणात ही तपासणी नको, किंवा सोबत सीआरपी (सूज दाखवणारी चाचणी) घ्यावी.

व्हिटॅमिन डी सगळ्या पॅकेजांत असतं आणि बहुतेकांचं कमी येतं. हाडं-स्नायूंसाठी ते भरून काढावं. मूडसाठी त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. पन्नाशीच्या पुढच्या १८,३५३ लोकांना सरासरी पाच वर्षं रोज २,००० युनिट किंवा खोटी गोळी देऊन पाहिलेल्या अमेरिकन चाचणीत, २०२० मध्ये कळलं की नैराश्य टाळण्यात काही फरक पडला नाही. इथे नेहमी होणारी चूक मात्र जीवघेणी ठरू शकते. ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे, जेवणानंतर किंवा दुधातून घ्यायची असते. ती ‘ताकदीची पावडर’ समजून रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. तहान, उलट्या, बद्धकोष्ठ, गोंधळलेपण आणि पुढे मूत्रपिंडाला इजा. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा, रविवारी’ असं मराठीत मोठं लिहून घ्यावं.

स्त्रियांची पॅकेजं

इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, एफएसएच (अंडाशयाला चालना देणारं हार्मोन), प्रोलॅक्टिन (दूध तयार करवणारं हार्मोन), टेस्टोस्टेरॉन असं सगळं एका सकाळी काढतात आणि पाळीचा कितवा दिवस हे विचारतही नाहीत. दिवस माहीत नसेल तर पहिल्या तीन आकड्यांना अर्थ उरत नाही. प्रोजेस्टेरॉन पुढच्या पाळीच्या सुमारे सात दिवस आधी पाहतात, एफएसएच पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पाळीआधी दर महिन्याला तीव्र उदासी किंवा संताप येणाऱ्या स्त्रियांचे हार्मोन बहुतेक वेळा नॉर्मलच असतात. त्यांचा मेंदू हार्मोनच्या नेहमीच्याच चढउतारांना जास्त तीव्र प्रतिसाद देतो. त्याचं निदान सलग दोन महिने रोज मूड आणि पाळीची तारीख वहीत लिहून होतं. ही वही घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गेलात तर पॅकेजच्या रिपोर्टपेक्षा जास्त उपयोग होतो. पंचेचाळिशीनंतर पाळी अनियमित झाली, रात्री घाम येतो, झोप तुटते, तर रजोनिवृत्ती जवळ आली हे सांगायला एफएसएच लागत नाही. ते त्या काळात आठवड्यागणिक बदलतं.

प्रोलॅक्टिन थोडं वाढलेलं पाहून घाबरलेल्या स्त्रिया फार. रक्त देताना घाबरल्यानेही ते वाढतं. ॲसिडिटीच्या ज्या कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोलबरोबर डोमपेरिडोन असतं, त्यानेही वाढतं. काही मानसिक औषधांनीही वाढतं. अर्धा तास शांत बसून पुन्हा रक्त द्यावं, गोळ्यांची यादी दाखवावी. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात मन खचलेलं असेल तर मात्र टीएसएच जरूर पाहावं, कारण त्या काळात थायरॉइडला सूज येऊन ते आधी वेगाने आणि मग मंद चालू शकतं. पण रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून बाळंतिणीची उदासी मनावर न घेणं ही मोठी चूक होईल. तिला उपचारांची गरज तेवढीच असते.

घरपोच सेवेची तपासणी

सोय मोठी आहे, विशेषतः वृद्धांसाठी. पण रक्त नीट काढलं आणि नीट नेलं तरच. काही गोष्टी समोर बसून पाहता येतात. नळीवर नाव आणि वेळ तुमच्यासमोर लिहिली किंवा चिकटवली गेली पाहिजे. दंडाचा पट्टा मिनिटभराहून जास्त वेळ बांधलेला नको. आधी लाल किंवा पिवळ्या झाकणाची नळी भरावी, मग जांभळी, शेवटी करडी. क्रम उलटला आणि जांभळ्या नळीतलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) दुसरीत गेलं तर पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं घटतं. करडी नळी साखरेसाठी, कारण साध्या नळीत रक्तपेशी तासागणिक साखर खात राहतात. होमोसिस्टीन मागवलं असेल तर नेमकं विचारा की रक्त किती वेळात वेगळं करणार. पेशींमधून ते बाहेर पडत राहतं आणि तासाला सुमारे दहा टक्क्यांनी आकडा चढतो. दहा घरं फिरून दुपारी लॅबला पोचणाऱ्या डब्यातलं होमोसिस्टीन विश्वासार्ह नसतं. ती एक चाचणी लॅबमध्ये जाऊन द्यावी.

लॅबला एनएबीएलची (प्रयोगशाळांची गुणवत्ता तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे एवढं पुरत नाही. मान्यता चाचणीनिहाय असते, तेव्हा तुमची चाचणी त्या यादीत आहे का हे विचारावं. रिपोर्टवर एमडी पॅथॉलॉजी झालेल्या डॉक्टरची सही हवी. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहीसाठी पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पात्रता लागते हे स्पष्ट केलं आहे.

‘८५ चाचण्या’ या आकड्याला भुलू नका. एका हिमोग्रामच्याच वीसेक ओळी वेगवेगळ्या चाचण्या म्हणून मोजलेल्या असतात, लघवीच्या तपासणीचा रंगसुद्धा एक चाचणी होतो. शिवाय नॉर्मल मर्यादा अशी आखलेली असते की १०० निरोगी माणसांपैकी ५ जण तिच्या बाहेर पडतात. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या तर पूर्ण निरोगी माणसालाही किमान एक लाल आकडा मिळण्याची शक्यता ६४ टक्के. त्या एका लाल आकड्यामागे पुढच्या तपासण्या, पुढची काळजी, आणि बरेचदा त्याच कंपनीची पूरक औषधं.

पॅकेजात काय नाही हेही पाहायला हवं. पीएचक्यू-९ ही नैराश्य ओळखण्यासाठीची नऊ प्रश्नांची यादी फुकट आहे, मराठीत मिळते आणि पाच मिनिटांत भरून होते. गेल्या दोन आठवड्यांबद्दलच्या प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा जास्त आली तर डॉक्टरांना भेटावं. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांना शून्याहून जास्त गुण असतील तर बेरजेची वाट न पाहता त्याच दिवशी कुणाला तरी सांगावं. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. ‘मूड’ विकणाऱ्या प्रत्येक लॅबने ही यादी बुकिंगच्या वेळी द्यावी आणि हा क्रमांक रिपोर्टच्या पहिल्या पानावर छापावा, अशी आमची कळकळीची मागणी आहे.

सुट्या चाचण्या घेऊन उपचार सुरू केलेच तर पुन्हा तपासण्याची घाई नको. थायरॉक्सिनची मात्रा बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी, व्हिटॅमिन डी तीन महिन्यांनी. लोहाच्या गोळ्या हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साधारण तीन महिने चालू ठेवतात, म्हणजे साठा भरतो, मग फेरिटिन. त्या चहापासून तासभर दूर ठेवाव्यात, आणि थायरॉक्सिन व लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर राखावं. पुन्हा रक्त देताना लॅब तीच, वेळ तीच ठेवावी.